वस्तू माझी, ओझे कुणाचे?



२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भातल्या आकाशातून जळत्या रेषा सरकताना लोकांनी पाहिल्या. कुणाला तो उल्कापात वाटला, कुणाला पेटलेले विमान. थोड्या वेळाने चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचे एक भले मोठे कडे पडलेले आढळले. बैलगाडीच्या चाकाहूनही ते मोठे होते. आसपासच्या भागात धातूचे पोकळ गोळेही सापडले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. चीनने आदल्या वर्षी सोडलेल्या एका रॉकेटचा तो उरलेला टप्पा असावा, असा अभ्यासकांचा कयास होता.

लाडबोरीच्या गावकऱ्यांनी ते रॉकेट सोडले नव्हते, त्याचा फायदाही त्यांना मिळाला नव्हता. तरी त्याचा कचरा त्यांच्या दारात आला. असे का व्हावे? हा प्रश्न शास्त्रज्ञांचा आहेच, पण तो नीतीचाही आहे. म्हणून आज आपण त्यावर थोडा विचार करू.

वर किती पसारा आहे?

पहिला कृत्रिम उपग्रह ४ ऑक्टोबर १९५७ रोजी अवकाशात गेला. त्यानंतर पाच महिन्यांनी, १७ मार्च १९५८ रोजी, अमेरिकेने 'व्हॅनगार्ड-१' सोडला. पपनसाएवढा गोल, वजन दीड किलो. १९६४ मध्ये तो मुका झाला. पण तो आजही पृथ्वीभोवती फिरतो आहे आणि अजून शे-दोनशे वर्षे फिरत राहील. तो बनवणारे बहुतेक हात आता मातीत मिसळले असतील, पण त्यांची वस्तू वर तशीच आहे.

अशा वस्तूंची आज गणती होते. युरोपीय अवकाश संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार १० सेंटिमीटरहून मोठ्या वस्तू सुमारे ५४ हजार आहेत आणि १ सेंटिमीटरहून मोठे तुकडे सुमारे १२ लाख. यांतले कामाचे उपग्रह थोडे. बाकीचे बंद पडलेले उपग्रह, रॉकेटचे रिकामे टप्पे आणि त्यांच्या फुटण्यातून झालेल्या ठिकऱ्या. पृथ्वीजवळच्या कक्षेत या वस्तू सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर वेगाने धावतात. मुंबईहून पुण्याला वीस सेकंदांत पोहोचावे, असा हा वेग. १९८३ मध्ये रंगाच्या एका बारीक टवक्याने 'चॅलेंजर' यानाच्या खिडकीच्या काचेवर खड्डा पाडला होता. रंगाच्या टवक्याने हे होते, तर लोखंडी बोल्टने काय होईल?

ते १० फेब्रुवारी २००९ रोजी दिसले. १९९५ पासून मृत असलेला 'कॉसमॉस-२२५१' हा रशियन उपग्रह आणि 'इरिडियम-३३' हा चालू अमेरिकन उपग्रह सैबेरियाच्या वर, सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले. दोन हजारांहून अधिक मोठे तुकडे झाले. डोनाल्ड केसलर या शास्त्रज्ञाने १९७८ मध्येच सावध केले होते, की गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली तर एका टकरीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी साखळी सुरू होईल आणि नवे काहीही वर पाठवले नाही तरी कचरा वाढतच राहील.

काही कचरा अपघाताने झाला, तर काही जाणूनबुजून केला गेला. आपल्या क्षेपणास्त्राने आपलाच उपग्रह फोडून दाखवण्याचे प्रयोग अमेरिकेने १९८५ व २००८ मध्ये, चीनने २००७ मध्ये आणि रशियाने २०२१ मध्ये केले. भारतानेही २७ मार्च २०१९ रोजी असा प्रयोग केला. तो सुमारे ३०० किलोमीटर या कमी उंचीवर केल्यामुळे बहुतेक तुकडे लवकर खाली येऊन जळाले, हे खरे. काही तुकडे त्या उंचीच्या बरेच वर फेकले गेले, हेही खरे. चीनच्या प्रयोगाचे तुकडे मात्र अजूनही मोठ्या संख्येने फिरत आहेत. इतरांचा हिशेब मांडताना आपल्या देशाचे नाव गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

'हे सगळे श्रीमंत देशांचे खेळ, आपल्याला काय त्याचे?' असे कुणी म्हणेल. पण समुद्राच्या पाण्याचा रंग आणि तापमान उपग्रहावरून पाहून मासळी कुठे मिळेल याचा अंदाज आपल्या मच्छीमार बांधवांना दिला जातो. वादळाची सूचनाही उपग्रहाच्या मदतीनेच किनाऱ्यावर पोहोचते. कक्षा नासल्या तर श्रीमंत दुसरी सोय शोधतील. होडी घेऊन समुद्रात गेलेल्या माणसाला मात्र दुसरी सोय नसते.

मालकी राहते, जबाबदारी सुटते

आता नीतीच्या प्रश्नाकडे येऊ. समुद्रात बुडालेले किंवा सोडून दिलेले जहाज दुसऱ्याने वाचवले, तर त्याला मोबदला मिळावा असा जुना कायदा आहे. अवकाशात तसे नाही. १९६७ च्या अवकाश करारात दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक, अवकाशाचा वापर साऱ्या मानवजातीच्या हितासाठी व्हावा. दुसरी, जी वस्तू ज्याची, ती वर गेल्यावरही त्याचीच राहील. ती बंद पडली, फुटली, साठ वर्षे जुनी झाली तरी तिच्यावर दुसऱ्याचा हक्क येत नाही. म्हणून परवानगीशिवाय कुणी कुणाच्या कचऱ्याला हात लावू शकत नाही.

१९७२ मध्ये नुकसानभरपाईचा करार झाला. त्यानुसार, अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले तर सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची, चूक सिद्ध होण्याची गरज नाही. पण नुकसान वर, अवकाशातच झाले, तर दोष कुणाचा हे सिद्ध करावे लागते. हजारो ठिकऱ्यांतली नेमकी कोणती ठिकरी कुणाची, हे कोण सांगणार?

जमिनीवरच्या भरपाईचे एक उदाहरण बोलके आहे. २४ जानेवारी १९७८ रोजी अणुभट्टी असलेला 'कॉसमॉस-९५४' हा सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात कोसळला. किरणोत्सारी तुकडे वेचायला कॅनडाला कित्येक महिने लागले. कॅनडाने ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले. १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली.

दुसरे उदाहरण आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. जुलै १९७९ मध्ये 'स्कायलॅब' कुठे पडणार या भीतीने आपल्याकडेही लोक धास्तावले होते. ती ११ जुलैला कोसळली आणि तिचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तिथल्या एस्परन्स या गावाच्या प्रशासनाने अमेरिकेच्या 'नासा'ला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड लावला. तो थट्टेतच लावला होता, पण तीस वर्षे तो भरला गेला नाही. २००९ मध्ये एका अमेरिकन रेडिओ निवेदकाने आपल्या श्रोत्यांकडून पैसे गोळा करून तो भरला. कचरा एकाचा आणि दंड भरणारे दुसरेच, असा हा प्रकार.

आम्हांला वाटते, खरी मेख इथेच आहे. कल्पना करा, गल्लीच्या तोंडाशी कुणाचा तरी मोडका टेम्पो वर्षानुवर्षे उभा आहे. मालक म्हणतो, 'टेम्पो माझा आहे, हात लावायचा नाही.' बरे, मग हलवा. 'तेही जमणार नाही, खर्च कोण करणार?' अशा माणसाला गावात कुणी शहाणा म्हणणार नाही. पण साऱ्या जगाच्या डोक्यावर नेमकी हीच रीत चालू आहे. मालकीचा हक्क कागदावर शाबूत आहे आणि मालकीचे ओझे मात्र सर्वांच्या वाट्याला आले आहे.

जे सर्वांचे असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते, हे ॲरिस्टॉटलने फार पूर्वी ओळखले होते. संत थॉमस अक्वायनस यांनी त्याला नैतिक उत्तर दिले. माणसाने वस्तू आपल्या ताब्यात ठेवावी, सांभाळावी, यात गैर नाही. उलट त्यामुळे ती नीट सांभाळली जाते. पण तिचा उपयोग करताना ती केवळ आपली नाही, सर्वांच्या हिताशी बांधलेली आहे, हे विसरू नये. या विचारानुसार मालकी म्हणजे सांभाळण्याचे काम. जो सांभाळत नाही, त्याच्या हक्काचा नैतिक पायाच डळमळतो. मग न्याय्य मार्ग दोनच उरतात. एक तर आपली वस्तू आपण उचलावी, नाही तर तिच्यावरचा हक्क सोडून दुसऱ्याला उचलू द्यावी आणि त्याचा खर्च सोसावा.

उचलणे, जाळणे, वापरणे

कचरा उचलण्याच्या अनेक कल्पना पुढे आल्या आहेत. ब्रिटनमधील सरे विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या मोहिमेत २०१८ मध्ये अवकाशात जाळे टाकून आणि २०१९ मध्ये भाला मारून लक्ष्य पकडण्याची चाचणी झाली. जपानच्या एका कंपनीचे यान २०२४ मध्ये १५ वर्षे भरकटत असलेल्या जपानी रॉकेटच्या टप्प्यापासून सुमारे १५ मीटरपर्यंत पोहोचले. युरोपीय संस्थेने २०१३ पासून वर असलेला आपला ११२ किलोचा एक भाग खाली आणायचे ठरवले होते. पण २०२३ मध्ये लक्षात आले, की दुसऱ्या कुठल्या तरी तुकड्याने त्यालाच धडक दिली आहे. उचलायला जाण्याआधीच त्या कचऱ्यातून आणखी कचरा झाला होता. अखेर त्या संस्थेला लक्ष्य बदलावे लागले.

पकडलेली वस्तू सहसा वातावरणात आणून जाळतात, उरलेले भाग निर्जन समुद्रात पाडतात. आपल्या 'इस्रो'ने ७ मार्च २०२३ रोजी फ्रान्ससोबत २०११ मध्ये सोडलेला 'मेघा-ट्रॉपिक्स' हा उपग्रह असाच प्रशांत महासागरावर उतरवला. तो बनवताना त्याला असे खाली आणण्याची योजना नव्हती. तरी उरलेल्या इंधनाचा नीट हिशेब करून हे साधले. ज्याची वस्तू त्याने शेवटपर्यंत सांभाळली, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पण जाळले म्हणजे संपले, असे नाही. अमेरिकेतील संशोधकांना २०२३ मध्ये वातावरणाच्या वरच्या थरातील सुमारे दहा टक्के आम्लकणांत जळालेल्या उपग्रह-रॉकेटांचा धातू आढळला. त्याचा ओझोनच्या थरावर काय परिणाम होईल, याचा अभ्यास सुरू आहे. अंगणातला कचरा पेटवला की अंगण स्वच्छ दिसते, पण धूर शेजाऱ्याच्या घरात जातो, हे आपल्याला नवीन नाही.

म्हणून तिसरा मार्ग महत्त्वाचा वाटतो: पुन्हा वापर. कल्पना बऱ्याच आहेत. कुणी म्हणते, जुन्या टप्प्यांचे ॲल्युमिनियम वरच वितळवून त्याचे दांडे करावेत. कुणी म्हणते, त्याच धातूचा यानासाठी इंधनासारखा उपयोग करावा. या गोष्टी अजून कागदावर किंवा प्रयोगशाळेत आहेत. पण काही गोष्टी प्रत्यक्ष घडल्या आहेत.

१९८४ च्या फेब्रुवारीत 'वेस्टार-६' हा अमेरिकन उपग्रह चुकीच्या कक्षेत अडकून निकामी झाला. भरपाई देऊन त्याचे मालक बनलेल्या विमा कंपन्यांनी तो परत आणायचे ठरवले. नोव्हेंबरमध्ये 'डिस्कव्हरी' यानातील अंतराळवीरांनी तो आणि 'पालापा' नावाचा दुसरा उपग्रह हातांनी पकडून यानात ठेवला, आणि 'विकणे आहे' अशी पाटी धरून फोटोही काढला! दुरुस्त केलेला 'वेस्टार' १९९० मध्ये 'एशियासॅट-१' या नव्या नावाने पुन्हा वर गेला. १९९१ मध्ये त्याच्यावरून 'स्टार'च्या वाहिन्या सुरू झाल्या आणि १९९२ मध्ये 'झी'. आपल्या घरांत केबलवर या वाहिन्यांची जी चित्रे दिसली, ती एका टाकाऊ ठरलेल्या उपग्रहाने पाठवली होती. त्या चित्रांनी आपल्या घरांचे काय केले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण टाकाऊ म्हणून कायमचे काही नसते, एवढे यातून दिसते.

२५ फेब्रुवारी २०२० रोजी इंधन संपत आलेल्या 'इंटेलसॅट-९०१' या उपग्रहाला एक मदतनीस यान जाऊन चिकटले. त्याने त्याला पाच वर्षे आणखी चालवले आणि २०२५ मध्ये मृत उपग्रहांसाठी राखलेल्या दूरच्या कक्षेत नेऊन सोडले. थकलेल्या बैलाला दुसऱ्या बैलाची जोड द्यावी, तसे हे झाले.

आणि आपल्याकडचे उदाहरण तर फारच हृद्य आहे. पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा उपग्रह सोडून झाल्यावर रिकामा फिरत राहत असे. 'इस्रो'ने २०२२ पासून त्याच टप्प्याला 'पोएम' नाव देऊन छोट्या प्रयोगशाळेचे रूप दिले. ३० डिसेंबर २०२४ रोजी गेलेल्या चौथ्या 'पोएम'मध्ये एका पेटीत चवळीचे दाणे ठेवले होते. चार दिवसांत ते अंकुरले, पुढे पानेही फुटली. त्याच टप्प्यावर भरकटलेल्या वस्तू पकडण्यासाठी यांत्रिक हाताचीही चाचणी झाली. आणि ४ एप्रिल २०२५ रोजी तो टप्पा हिंदी महासागरावर खाली आला, मागे कचरा न ठेवता. जो टप्पा भंगार म्हणून फिरला असता, त्याच्या पोटात चवळी रुजली.

तीन अवघड प्रश्न

तरीही सर्व काही सोपे आहे असे नाही. तीन प्रश्न आम्हांला सतावतात.

पहिला: साफ करता येते म्हणून अधिक टाकायचे काय? उचलणारी याने आली की टाकणारे निर्धास्त होतील, ही भीती खरी आहे. क्षमा मिळणारच आहे म्हणून पाप करत राहावे काय, असा प्रश्न संत पौलालाही लोकांसमोर ठेवावा लागला होता. उत्तर दोन्ही ठिकाणी एकच आहे. सफाई ही बदललेल्या वागण्याची सोबतीण असावी, त्याची बदली नव्हे. अमेरिकेच्या नियामकांनी २०२२ मध्ये नियम केला, की खालच्या कक्षेतील उपग्रह काम संपल्यावर पाच वर्षांत काढावा. पूर्वी पंचवीस वर्षांची सवड असे. २०२३ मध्ये तिथल्या एका कंपनीला जुना उपग्रह ठरल्याप्रमाणे दूर न नेल्याबद्दल दीड लाख डॉलर दंड झाला. रक्कम लहान आहे, पण सुरुवात योग्य आहे.

दुसरा: खर्च कुणी करायचा? बहुतांश जुना कचरा अमेरिका, रशिया आणि चीन यांचा आहे. नवे देश म्हणतात, 'आम्ही आत्ता आलो, आम्हांला भुर्दंड का?' ज्याने जितके टाकले त्याने तितके उचलावे, हा साधा न्याय आहे. पण भरपाईचा न्याय मागणाऱ्याने आपण नवे काही टाकणार नाही याची हमीही द्यायला हवी. २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्प भारताने २०२४ मध्ये जाहीर केला आहे, तो या दृष्टीने मोलाचा आहे. पूर्वी सोड्याच्या बाटलीसाठी दुकानदार अनामत ठेवून घेई आणि बाटली परत केली की पैसे परत मिळत. उपग्रह सोडतानाच अशी अनामत का घेऊ नये?

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण: जो हात मृत उपग्रह पकडू शकतो, तो शत्रूचा जिवंत उपग्रहही पकडू शकतो. २०२२ मध्ये चीनच्या एका यानाने आपलाच बंद उपग्रह ओढून दूरच्या कक्षेत नेला. ते सफाईचे काम होते, पण इतर देश धास्तावले. म्हणजे अवकाश स्वच्छ करायला नुसते जाळे आणि चुंबक पुरणार नाहीत, राष्ट्राराष्ट्रांत विश्वासही लागेल. कुणाचे यान कुठे, कशासाठी जात आहे हे आधी सर्वांना सांगणे, ही त्या विश्वासाची पहिली पायरी आहे.

शेवटचे दोन शब्द

पाच भाकरी आणि दोन मासे यांचा प्रसंग आपण मंदिरात अनेकदा ऐकला आहे. हजारो लोक जेवून तृप्त झाले. त्यानंतर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातून एवढी समृद्धी झाली, त्याला उरल्यासुरल्याची काय गरज? तरीही त्याने ते टाकू दिले नाही. भरपूर आहे, हे नासाडीचे कारण होऊ शकत नाही. अवकाश अफाट आहे, म्हणून तिथे काहीही टाकावे, या विचाराला यापेक्षा सरळ उत्तर आम्हांला सापडत नाही.

आपल्यापैकी फार थोडे जण उपग्रह बनवतील. आपल्या मुला-नातवंडांपैकी मात्र काहीजण नक्कीच या क्षेत्रात जातील. त्यांनी वस्तू बनवण्याआधीच विचारावे: काम संपल्यावर हिचे काय होईल, आणि ती जबाबदारी कोण घेईल? हा प्रश्न विचारायची सवय लहानपणी, घरातच लागते. या आठवड्यात जेवताना मुलांना लाडबोरीच्या कड्याची आणि चवळीच्या दाण्यांची गोष्ट जरूर सांगा. आणि आपल्या घरात, गल्लीत 'माझे आहे, हात लावू नका' म्हणून वर्षानुवर्षे पडून असलेले, पण आपण उचलतही नसलेले काय काय आहे, हेही एकदा पाहा.

प्रभूसेवेत आपले,
प्रमुख धर्मगुरू